बाईंच्या अक्षरातली कार्डं

जावयाच्या कंपनीत दर महिन्याला बाहेरून एक माणूस बोलवायचा आणि त्याच्याकडून मॅनेजर मंडळींना चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवायच्या, अशी पद्धत होती. एकदा एक गिर्यारोहक येऊन गेला, मग हृदयाची ऑपरेशनं करणारा डॉक्टर, मग रेल्वेचं वेळापत्रक आखण्यात हयात घालवलेले एक गृहस्थ. या महिन्याला जावयाने सासऱ्यांचं नाव पुढे केलं. विषयही त्यानेच ठरवून दिला: टीव्ही मालिका लिहिताना शिकलेले नेतृत्वाचे धडे.

सासरे म्हणजे मास्तर. टीव्हीत येण्याआधी त्यांनी सहा वर्षं शाळेत शिकवलं होतं. नोकरी सुटली पण हाक मागे लागून आली. वय अडुसष्ट. मालिका लिहिणं थांबून नऊ वर्षं झाली होती. बोलावणं आलं तेव्हा पहिले दोन दिवस त्यांनी ‘छे, मी काय बोलणार’ असं म्हणून घेतलं, तिसऱ्या दिवशी नवी वही आणली आणि आठवड्याभरात आठ मुद्दे काढले.

त्यातले सात अगदी सभ्य होते. लेखकाला मुदत सांगावी, मूड विचारू नये. वाईट बातमी जेवणाआधी देऊ नये. ज्याला सगळं कळतं त्याला सर्वांत शेवटी बोलू द्यावं. अशा चालीवर ते होते. चौथा मुद्दा मात्र त्यांनी सगळ्यांच्या आधी लिहिला होता आणि बाकीचे सात त्याला सोबत म्हणून जमवले होते. तो असा होता: ‘दुसऱ्याची कल्पना आपल्या अक्षरात लिहिणारा नेता.’

खाली कुणाचं नाव नव्हतं. मास्तरांना ते लिहून ठेवायची गरज नव्हती. मराठीत बाई हजारो असतील, पण मालिकांच्या धंद्यात ‘बाई’ म्हटलं की एकच.

बाईंच्या हाताखाली मास्तरांनी अकरा वर्षं काढली. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली होती. खाली मशीन सुरू झालं की टेबलावरच्या कपांमधला चहा थरथरायचा. एकत्र कुटुंबाची रोजची मालिका, सहा लेखक आणि बाई. दर सोमवारी प्रत्येकाने आपल्याला सुचलेले प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहून द्यायचे. संध्याकाळी बाई एकट्या बसून त्यातली प्रत्येक चिठ्ठी एकेका पांढऱ्या कार्डावर उतरवून काढायच्या, आपल्या गोल, ठसठशीत अक्षरात, निळ्या शाईने. कार्डं भिंतीवरच्या फळीला टाचायची, चिठ्ठ्या फाडून टोपलीत टाकायच्या. मंगळवारी चॅनेलची माणसं येत आणि भिंतीसमोर खुर्च्या टाकून बोट दाखवत: हे ठेवा, हे काढा. सगळी भिंत एकाच हातची. कुठलं कार्ड कुणाचं, ब्रह्मदेव आला तरी सांगू शकला नसता.

मास्तरांना ते पहिल्या आठवड्यातच खुपलं. आणखीही बरंच खुपायचं. बाई कधी आवाज चढवत नसत, तरी खोली गप्प व्हायची. त्या रजेवर असल्या तरी लोक हळू बोलायचे. बाई ज्याला झापत तो दुसऱ्या दिवशी ते मिरवत फिरे. मास्तरांनी कुणाला झापलं तर तो नुसताच दुखावला जाई. हे असं का, याचं उत्तर मास्तरांना कधी सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून त्यांनी अक्षरावर बोट ठेवलं. अक्षराचं कारण दाखवता येत होतं.

त्यात ताटांचा प्रसंग घडला. मालिकेतला मुलगा घर सोडून जातो. दुसऱ्या दिवशी सासू सवयीने तीन ताटं मांडते. सून बघते, काही बोलत नाही, आणि तिसऱ्या ताटावरही वाढते. दोघी त्या भरल्या ताटाला मध्ये ठेवून जेवतात. चार मिनिटं एक शब्द नाही. रोजच्या मालिकेत चार मिनिटं गप्प बसणं म्हणजे वेडेपणा होता, पण लोक पंधरा दिवस त्याबद्दल बोलत होते. मास्तर सोमवारी ज्या चिठ्ठीवर तो प्रसंग लिहून घेऊन गेले होते, ती टोपलीत गेली होती आणि भिंतीवर बाईंचं अक्षर होतं. मुलाखत घ्यायला आलेल्या बातमीदाराला बाई म्हणाल्या, “ते आमच्या खोलीत सुचलं.”

मास्तरांनी ते कात्रण कापून ठेवलं आणि ‘खोलीत’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली. “खोलीला कधी काही सुचतं का?” त्यांनी बायकोला विचारलं.

“अहो, खोली म्हणजे तुम्ही सगळे,” ती म्हणाली.

“सगळे म्हणजे कोण?”

ती भाजी निवडायला गेली.

पुढे मास्तरांना स्वतःची मालिका मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी खोलीत नियम केला: ज्याचं कार्ड त्याने त्यावर वरच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहायचं, मोठ्या अक्षरात. दोन आठवडे सगळे हुरूपाने लिहीत होते. मग चॅनेलवाल्यांनी कुणाची कार्डं काढली ते सगळ्यांना दिसायला लागलं. ज्याची लागोपाठ तीन कार्डं उडाली त्याने चौथं लिहिलं ते गेल्या आठवड्यात पसंत पडलेल्या एकासारखंच. दुसऱ्या महिन्यात सगळी भिंत एकाच चवीची झाली. सातव्या महिन्यात मालिका बंद पडली. मास्तरांनी त्याचा दोष प्रक्षेपणाच्या वेळेला दिला, मग नायिकेच्या लग्नाला, मग चॅनेलच्या नव्या साहेबाला. अक्षराला दिला नाही.

बाई अजून लिहीत होत्या. पंचाहत्तरी उलटली तरी. मास्तरांची बायको त्यांची नवी मालिका स्वयंपाकघरात फोनवर बघायची, कानात इअरफोनची बोंडं घालून, नवऱ्याला त्रास नको म्हणून. मास्तर बाहेर पेपर धरून बसत आणि माहीत नसल्यासारखं दाखवत. आतून ती एकदम हसली की त्यांना कळे, तिकडे बाईंनी काहीतरी जमवलंय. मग त्यांना पेपरातली एक ओळ पुढे सरकत नसे.

तर चौथा मुद्दा. नुसतं बोलून भागणार नव्हतं, कार्ड पडद्यावर दाखवलं पाहिजे असं मास्तरांच्या मनाने घेतलं. माझी कल्पना, बाईंचं अक्षर, बघा. छापखान्यावरची खोली रिकामी केली तेव्हा कार्डांचे खोके पेन्सिलने नेले होते. पेन्सिल म्हणजे त्या खोलीतली सगळ्यात धाकटी लेखिका. अंगाने काडी, आणि शाई वापरायला घाबरायची. त्यावरून ते नाव पडलं. आता ती स्वतःच एक खोली चालवत होती. मास्तरांनी फोन केला. भाषण शनिवारी होतं. ती म्हणाली, गुरुवारी दुपारी या.

तिच्या ऑफिसात शिरताच मास्तरांची नजर भिंतीवर गेली. साठ-सत्तर कार्डं, सगळी शिसपेन्सिलीने, सगळी एकाच तिरक्या अक्षरात.

“तूही बाईंसारखंच करतेस की,” ते म्हणाले.

“हो, मग. दुसरं काय करणार?”

“म्हणजे डोकी पोरांची आणि अक्षर तुझं.”

पेन्सिल हसली. चहा सांगितला. मग मास्तर हसत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं. मास्तरांनी वही उघडून तिच्यापुढे सरकवली आणि भाषणाचं सगळं सांगितलं, कार्ड कशाला हवंय तेही. शिक्षकाने उत्तरपत्रिका तपासावी तशी तिने आठही मुद्दे वाचले. चौथा दोनदा वाचला. वही मिटून त्यांना परत दिली.

“सर, तुम्हाला आजोबांची मीटिंग आठवते?”

न आठवायला काय झालं? मास्तरांची ती आवडती आठवण होती. एका मंगळवारी भिंतीवर एक कार्ड होतं: आजोबा आपल्याला काही आठवत नसल्याचं सोंग करतात, घरात कुणाचा किती जीव आहे ते बघायला, आणि तेही चाळीस भाग. चॅनेलचा साहेब ते वाचून खदाखदा हसला होता. हे कुणाच्या डोक्यातून आलं, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, माझ्या. मग त्याने अर्धा तास त्यांची सालटी काढली. बाई आता थकल्या, बाईंना आता नातवंडं खेळवू द्या, इथपर्यंत मजल गेली. बाई पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. त्या दिवशी मास्तर घरी जाऊन पोटभर जेवले होते, आणि बायकोला ती हकिगत दोनदा सांगितली होती.

“आठवते,” मास्तर म्हणाले.

“ते कार्ड माझं होतं.”

मास्तरांनी हातातली वही टेबलावर ठेवली.

“मला कामाला लागून तेवीस दिवस झाले होते. त्याने विचारलं तेव्हा मी टेबलाखाली एका हाताने दुसरा हात धरून बसले होते. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर त्याला कळलं असतं.”

चहा आला. पेन्सिलने कप त्यांच्याकडे सरकवला. मास्तर कपाला हात न लावता म्हणाले की ठीक आहे, वाईट कल्पनांचं ते झालं. पण चांगल्यांचं काय? त्यांची वाहवाही बाईंनीच घेतली ना?

“चॅनेलच्या ऑफिसात जाऊन त्या चांगल्या कल्पना कुणाच्या ते नावानिशी सांगायच्या, हे मला नंतर कळलं. बाहेर नाही सांगायच्या. त्याचं मलाही वाईट वाटायचं,” पेन्सिल म्हणाली. “बाई काही देवी नव्हत्या, सर. माझ्या बहिणीच्या लग्नाला मला अर्ध्या दिवसाची रजा दिली, तीही उपकार केल्यासारखी. पण म्हणून चोर म्हणू का?”

“मग माझा ताटांचा प्रसंग?”

टेबलावरचं खोडरबर उचलून पेन्सिलने त्याची काजळी अंगठ्याने पुसली.

“बोल की. तो तरी माझा होता का नव्हता?”

“तुमचाच. तीन ताटं तुमची. गप्प बसणं तुमचं. पण तुम्ही लिहिलं होतं त्यात सून तिसरं ताट उचलून ठेवते आणि रडते.”

“असं कसं?”

“जिन्यात उभे होतो आपण, सोमवारी सकाळी. तुम्ही मला वाचून दाखवलंत. मी म्हटलं, तिने उचलूच नये, वाढावं त्याच्यावर. तुम्ही म्हणालात, बघतो.”

मास्तर ‘नाही’ म्हणायला गेले, आणि त्यांना जिना दिसला. जिन्यातल्या खिडकीची एक काच फुटली होती, तिथे पुठ्ठा लावलेला होता. पेन्सिल दोन पायऱ्या खाली उभी होती आणि तिने ते असं सांगितलं होतं, जसं काही कुणी विचारलं तर बसची वेळ सांगावी. ऐकताच मास्तर भराभर जिना चढून गेले होते. कारण ते चांगलं होतं, त्यांच्यापेक्षा चांगलं. वर जाऊन त्यांनी चिठ्ठीतली ओळ खोडली आणि नवी लिहिली. संध्याकाळपर्यंत ती त्यांची होऊन गेली होती. इतकी त्यांची, की ती दुसऱ्याच्या अक्षरात दिसली तेव्हा त्यांना दरोडा पडल्यासारखं वाटलं.

“इतकी वर्षं तू बोलली नाहीस,” ते म्हणाले.

“काय बोलायचं? बाईंच्या अक्षरात होतं ते. तुमचं किती, माझं किती, कुठे दिसत होतं? मला उलट बरं वाटायचं. चॅनेलवाले भिंतीपुढे बसले की मी आपली निवांत.” मग ती म्हणाली, “तुमच्या खोलीत मी नाही आले, सर. तुम्ही बोलावलं होतंत. मी आईच्या आजारपणाचं सांगितलं. आई ठणठणीत होती.”

जाताना तिने खोक्यातून ते कार्ड शोधून दिलं. कडा पिवळट झाल्या होत्या. ‘तीन ताटं. कुणी बोलत नाही. सून तिसऱ्यावरही वाढते.’ गोल, ठसठशीत, निळं.

घरी येताना मास्तरांना वाटलं होतं, निदान आता जळजळ तरी शमेल. झालं उलटंच. आजवर बाई चोर होत्या, त्यामुळे त्यांच्यावर जळण्याला अन्याय झाल्याचा एक अंगरखा घालता येत होता. तो पेन्सिलने काढून घेतला. खाली उघडा हेवा उरला, आणि तो चांगलाच धष्टपुष्ट होता. त्या जे तेवीस दिवसांच्या पोरीसाठी सहज करून गेल्या, ते मास्तरांना त्या वेळी सुचलं नसतं, नंतरही नसतं. आणि सुचलं असतं तर त्यांनी ते चारचौघांत सांगितलं असतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी बायकोला विचारलं, “मी ती आजोबांच्या मीटिंगची गोष्ट सांगितली होती, तेव्हा तू काय म्हणाली होतीस?”

तिने गॅस बारीक केला. “मी म्हटलं होतं, त्या घरी गेल्यावर त्यांना कुणी विचारलं असेल का, जेवलात का म्हणून. तुम्हाला ते आवडलं नव्हतं. ताटावरून उठलात.”

“पोटभर जेवलो होतो मी त्या दिवशी.”

“आधी जेवलात. मग उठलात.”

चौथा मुद्दा गाळून टाकता आला असता. सात मुद्दे पुरेसे होते; आठच हवेत असं कुणी सांगितलं नव्हतं. गाळला तर पेन्सिलशिवाय कुणाला काही कळणार नव्हतं, आणि पेन्सिल बोलणाऱ्यांतली नव्हती. जावयाने पडद्यावर दाखवायची पानं आधीच तयार केली होती आणि चौथ्यासाठीचा फोटो मागत होता. मास्तरांनी दुपारपर्यंत तीनदा फोन हातात घेतला. शेवटी कार्डाचा फोटो काढून पाठवला. मथळा बदल, असं त्यांनी लिहिलं नाही. तसाच राहू दे, असंही नाही.

शनिवारी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि कोरा कागद. पहिल्या तीन मुद्द्यांवर लोक नीट हसले. वाईट बातमी आणि जेवण यावर तर मागच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. जावई कोपऱ्यात उभा राहून बघत होता, त्याचा चेहरा सैल झाला. मग पान पालटलं. पडद्यावर बाईंचं अक्षर आलं, पुरुषभर उंच, आणि त्याच्यावर मास्तरांचा मथळा.

मास्तरांनी तो मथळा मोठ्याने वाचला. मग चष्मा काढून हातात धरला, म्हणजे समोरचे चेहरे धूसर होतील.

त्यांनी सांगितलं की हे वाक्य त्यांनी स्वतः लिहिलंय आणि ते चूक आहे. दोन खोल्यांची गोष्ट सांगितली. एका खोलीत सगळ्या कार्डांवर एकच अक्षर होतं आणि ती मालिका अकरा वर्षांहून जास्त चालली. दुसऱ्या खोलीत प्रत्येक कार्डावर नाव होतं आणि ती सात महिन्यांत बंद पडली. दुसरी खोली कुणाची होती, तेही सांगितलं. आजोबांची मीटिंगही सांगितली. “मी तिथेच होतो,” ते म्हणाले. “मला त्या दिवशी आनंद झाला होता.” मग ते ताटांवर आले. वाढणं आपलं नव्हतं, जिन्यात एका मुलीने सांगितलं होतं, एवढं म्हणून झालं. बाई माझ्यापेक्षा मोठ्या होत्या, हे वाक्य त्यांनी घरून पाठ करून आणलं होतं. ते काही तोंडातून निघालं नाही.

हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मात्र वर झाले. पुढच्या रांगेतल्या एका मॅनेजरबाईंनी विचारलं, त्या ओरडायच्या का? मागून कुणीतरी विचारलं, चांगल्या कल्पनेचं श्रेय न मिळाल्याने माणसं सोडून जात नव्हती का? एकाला विचारायचं होतं, साहेब सालटी काढत होता तेव्हा त्यांना एकदाही खरं सांगावंसं वाटलं नसेल का. मास्तर उत्तरं देत गेले. काहींना ‘माहीत नाही, विचारलं नाही कधी’ म्हणाले. अर्ध्या तासात एकाही माणसाने मास्तरांबद्दल काही विचारलं नाही. पाचवा ते आठवा मुद्दा वहीतच राहिला. भाषण त्यांचं, माईक त्यांचा, जावयाने विकत आणलेला फुलांचा गुच्छ त्यांचा, आणि हॉलभर बाईच बसल्या होत्या.

चहाच्या वेळी कार्यक्रम आखणाऱ्या मॅडम लगबगीने आल्या. फार छान झालं, म्हणाल्या, आणि त्याच श्वासात विचारलं, “सर, या बाई आपल्याकडे येतील का हो? पुढच्या महिन्यात?”

मास्तरांच्या जिभेवर कितीतरी गोष्टी आल्या. त्यांचं वय झालंय. त्या कुठे जात नाहीत. फटकळ आहेत, तुमच्या मॅनेजरांना झेपणार नाहीत. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

“गाडी वेळेवर पाठवा,” ते म्हणाले. “एक मिनिट उशीर झाला तर परत घरात जातील.”

“नंबर आहे तुमच्याकडे?”

बाईंची खोली सोडल्यापासून त्यांनी तो एकदाही लावला नव्हता, पण त्याआधी अकरा वर्षं रोज लावला होता. फोन बाहेर काढायची गरजच पडली नाही. ते एकेक आकडा सांगत गेले, मॅडम आपल्या फोनमध्ये टिपत गेल्या. मग त्यांनी खात्री करून घ्यायला तो वाचून दाखवला. शेवटचे दोन आकडे उलटे झाले होते.

मास्तरांनी कपातला चहा संपवला. मॅडम ‘थँक यू सर’ म्हणून वळल्या आणि दुसऱ्या कुणाशी बोलायला दोन पावलं गेल्यासुद्धा.

“अहो मॅडम,” मास्तरांनी हाक मारली. “चुकलाय तो. आधी सात, मग दोन.”